मेई काय म्हणाली?

मैत्रिणींनो, आज खोडदला मेईच्या स्पीच थेरपीसाठी गेले होते. सिंगापूरहून लग्न करून आलेली ही चिनी सून पक्षाघातानंतर मराठी, इंग्रजी सगळं विसरली. उरली ती अडखळती मँडरिन, आणि ती नवऱ्यासकट घरात कुणालाच येत नाही.

मी कपाचं चित्र दाखवलं. बरंच झगडून ती काहीतरी बोलली. मोबाइलवरच्या भाषांतराच्या अ‍ॅपलाही ते कळेना.

"बरोबर बोलली का ओ म्याडम?" सासूबाईंनी विचारलं. "माझ्याशी भांडायची बी मराठीत. आता भांडायला बी कुणी नाय."

मेई माझा चेहरा वाचत होती. कॉन्व्हेंट शाळेत उत्तर दिल्यावर सिस्टरच्या टेबलाशी मी अशीच त्यांचा चेहरा वाचत उभी राहायचे. मी "शाबास" म्हणाले.

चुकीचाच शब्द तर पक्का केला नाही ना मी? तुमच्यापैकी कुणाला मँडरिन येते का?