पोशानं सोडलेले देव

पोशाची दारू मी सोडवली, हे मी खालापुरात चारचौघांत मिशीला पीळ देऊन सांगत असे. आता सांगत नाही.

आमच्या पंथाची बैठक दर गुरुवारी भरते. खोपोलीच्या कारखान्यांतली, मोहोपाड्याच्या कॉलनीतली, डोंगरवाड्यांतली माणसं येतात. गळ्यात माळ पडली की दारू-मटण बंद, कोंबडं कापणं बंद, एका नामाशिवाय दुसरा देव नाही. पोशा कातकरी माझ्या बागेत कामाला यायचा. त्याचा एकुलता मुलगा गजा वीटभट्टीवर साप चावून गेला, तेव्हापासून पोशा सकाळपासूनच झिंगलेला असे. मी निवृत्त मास्तर, सुधारणेची खोड जात नाही. मीच त्याला दंडाला धरून बैठकीला नेलं.

पठ्ठ्यानं माळ घातली आणि पुन्हा थेंबाला शिवला नाही. मी हवेत. मग एका गुरुवारी निरूपणात सांगितलं, घरातले जुने देव पाण्यात सोडा. आमच्यासारखे लोक अशा वेळी मान डोलावतात आणि घरी येऊन अन्नपूर्णेला निमूट हळदकुंकू वाहतात. पोशाला ही लबाडी कुठून येणार? दुसऱ्या दिवशी त्यानं झोपडीतली देवांची टोपली उचलली आणि पाताळगंगेत रिकामी केली.

त्या टोपलीत गजा होता. त्यांच्या घरात माणूस गेलं की त्याच्या नावाचा नारळ देवांमध्ये ठेवतात, सणाला त्याच्यापुढं ताट वाढतात. पोशाची बायको जना तेव्हा लाकडं आणायला रानात गेली होती. परतल्यावर तिनं देवांचा रिकामा कोपरा पाहिला.

"देव सोडलंस त सोडलंस," ती म्हणाली, "पोरगा कशाला सोडलास रं?"

दोघांनी तीन दिवस नदीकाठ पालथा घातला. नारळ काही सापडला नाही. नवा मांडता येत होता, पण तो बापानंच मांडायचा, कोंबडं कापून, स्वतःच्या हातानं दारूची धार सोडून. पोशा माझ्याकडे आला.

"गुरजी, येकदाच. चालंल का?"

मी नियम सांगितला. खरं तर नियमापेक्षा मला माझ्या फुशारकीची काळजी होती. तो मान खाली घालून म्हणाला, "मलाबी भ्या वाटतं. वास आला तरी मी राहायचा नाय."

दिवाळीत फराळ घेऊन त्यांच्या वाडीवर गेलो. पोशा आत माळ ओढत बसला होता. जना दारात उभी, हातात ताट. भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण, गजाच्या आवडीचं.

"गुरजी, तुमी शिकल्यालं हाय," ती म्हणाली. "सांगा, पोराला कुठं वाढू?"

तीस वर्षं पोरांना शिकवलं मी. हातातला फराळाचा डबा मी पाठीमागं लपवला. आत पोशाचं नामस्मरण तेवढं मोठ्यानं सुरू झालं.