काट्याची लादी

पार्से गावात कुणाला घरात नवी लादी बसवायची असली, की माणूस दुकानात जाण्याआधी सगुणकडे जायचा. सगुण येऊन खोलीतून एकदा चालायचा, कोपऱ्यात उभा राहून डोळे बारीक करायचा आणि किती लादी आणायची ते सांगून मोकळा व्हायचा. नंतर टेप लावायचा तो केवळ घरमालकाच्या समाधानासाठी. काम संपल्यावर बरोबर चार-पाच लाद्या उरायच्या, पुढेमागे एखादी फुटली तर हाताशी असाव्यात म्हणून मुद्दाम धरलेल्या. तीस वर्षांत त्याच्या हाताखाली लादी कमी पडली असं एकदाही घडलं नव्हतं. या गोष्टीचा त्याला इतका अभिमान, की लग्नाच्या पंगतीत बसलेला असला तरी बोलणं फिरवून फिरवून तो तिथेच आणायचा.

असा हा नावाजलेला माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या घरात मात्र शेणाने सारवलेली जमीन. गावात तशी दोन-चार घरं उरली असतील, त्यातलं एक लादीवाल्याचं! लोक हसायचे, तोही त्यांच्याबरोबर हसायचा. त्याची बायको शेवंती तेवढी हसत नसे, कारण दर शुक्रवारी कंबर मोडेपर्यंत सारवायचं काम तिचं असायचं.

घर खरं तर शेवंतीचंच. सगुणचा बाप तेरेखोल नदीच्या पलीकडून, सावंतवाडीच्या बाजूने, सुर्ल्याच्या खाणीवर कामाला आला होता. सगुण तिथेच लहानाचा मोठा झाला, दोन वर्षं खनिजाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून राबला. अंगावरची लाल धूळ धुऊनही जात नाही म्हणून वैतागला आणि एका लादीवाल्याच्या मागे लागून म्हापशाला गेला. पार्सेत काम करताना शेवंतीचं स्थळ आलं. ती आईबापांची एकुलती एक, म्हणून हा तिच्या घरी राहायला आला. घरजावई म्हटलं की लोक जरा नाक मुरडतात, तसं त्याच्याही बाबतीत मुरडलं. तेव्हा त्याने लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासूसासऱ्यांच्या देखत शेवंतीला शब्द दिला होता, की या घराला मी अशी लादी घालीन, की अख्ख्या पेडणे तालुक्यात दुसरीकडे दिसायची नाही.

शब्द द्यायला काही लागत नाही. पण गोव्यात चवथ जवळ आली, की घराघराला नवं व्हायची घाई सुटते. गणपती यायच्या आत लादी व्हायला हवी म्हणून लोक सगुणच्या दारात ठाण मांडून बसायचे. तो शेवंतीला म्हणायचा, चवथ झाली की आपलं. चवथ झाली की दिवाळी यायची, दिवाळीनंतर लग्नं, लग्नांनंतर कुणाच्या तरी देवळाचा सभामंडप, आणि बघता बघता पुन्हा चवथ. त्याच्या मनात खोट नव्हती. आपलं घर कुठे पळून जातंय, एवढंच त्याला वाटायचं. ते घर कुठे पळालं नाही, हे खरं. पण बायकोही कुठे जायची नाही असं त्याने मनाशी धरलं होतं, आणि तिथे त्याचं साफ चुकलं.

त्यांची मुलगी आनंदी लग्न होऊन वाळपईला गेली, त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. दिल्लीच्या एका बाईने पार्सेत जुनं घर विकत घेतलं. जनेलं, म्हणजे खिडक्या, बदलल्या, दारापुढच्या बाल्कांवाला रंग दिला आणि आतल्या मोठ्या खोलीला हातभर लांबीच्या अरुंद पट्ट्यांची लादी घालायला सगुणला बोलावलं. एक पट्टी डावीकडून तिरकी, तिला टेकून दुसरी उजवीकडून तिरकी, अशा एकात एक अडकत गेलेल्या रांगा. बाई त्याला हेरिंगबोन म्हणायची. सगुण आणि त्याची माणसं दुसऱ्याच दिवशी त्याला काट्याची लादी म्हणायला लागली, कारण बांगडा खाऊन झाल्यावर ताटात जो काटा उरतो, हुबेहूब तसं ते दिसायचं. काम जिकिरीचं होतं. पहिली रांग केसभर चुकली तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार बोटं चुकायची.

एके दिवशी सगुण डबा विसरला म्हणून शेवंती तो घेऊन तिथे गेली. दारातच थबकली. मग चपला काढून आत आली, खाली बसली आणि पसरलेला तळवा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून त्या लादीवर फिरवला. सारवताना ती अशीच मागे मागे सरकत, दोन्ही बाजूंनी हात मधे आणत यायची. सुकल्यावर जमिनीवर हाच काटा उमटायचा. पंचवीस वर्षं सगुण त्याच्यावरून चालला होता आणि त्याने तो कधी बघितला नव्हता.

"ह्या माझा सारवण," ती म्हणाली. "माका अशीच लादी व्हयी."

सगुण म्हणाला, चवथ झाली की घालू.

अशा आणखी तीन चवथी गेल्या. चौथ्या वर्षी शेवंतीचं पोट दुखायला लागलं. आधी काढे झाले, मग पेडण्याचा डॉक्टर झाला, मग मोठ्या इस्पितळात नेलं तेव्हा दुखणं पार हाताबाहेर गेलेलं होतं. डॉक्टरने सगुणला बाजूला घेऊन सांगितलं, की पंधरा-वीस दिवस इथे ठेवू, त्रास जरा कमी करू, मग घरी घेऊन जा.

चवथ तोंडावर होती. सगुणने हातातली सगळी कामं सोडली. घरमालक चिडले, एकाने तर आता उभ्या जन्मात तुला बोलावणार नाही म्हणून सांगितलं. सगुणला त्याचं काही वाटलं नाही. एकच गोष्ट डोक्यात धरून तो उठत-बसत होता. शेवंती घरी येईल तेव्हा तिचं पाऊल काट्याच्या लादीवर पडलं पाहिजे.

रंग कुठला घ्यायचा ते मात्र त्याने स्वतः ठरवलं नाही. दुकानातून तीन पट्ट्या पिशवीत घालून तो इस्पितळात गेला आणि शेवंतीच्या चादरीवर त्या मांडल्या. एक दुधासारखी पांढरी, आरसा दिसेल अशी, एक राखाडी, आणि एक शेवाळी छटेची तपकिरी, जी दुकानदाराने कुणी घेत नाही म्हणून कोपऱ्यात टाकली होती. बायका नेहमी पांढरी उचलतात, तेव्हा हीसुद्धा पांढरीच उचलील अशी सगुणची खात्री होती. शेवंतीने पांढरीला हातही लावला नाही. तपकिरी पट्टी उचलायला गेली, ती तिला पेलली नाही, म्हणून नुसतं बोट ठेवलं.

"ही. सारवून सुकलली भुंय अशीच दिसता."

मग सगुणने धंद्यातला प्रश्न विचारला, की काट्याचं टोक कुठे करायचं, दाराकडे की आत? ती म्हणाली, आत, देवाकडे. मी सारवते तेव्हा तसंच येतं. शेजारच्या खाटेवरची बाई हे सगळं कौतुकाने बघत होती. नव्या घराची तयारी चाललीय, असं तिला वाटलं असावं.

सगुणने माजघरातली जुनी जमीन चार बोटं खणून काढली. वर्षानुवर्षं सारवून सारवून ती इतकी घट्ट झाली होती, की कुदळ उसळून यायची. निघालेली माती त्याने परसात माडाच्या बुंध्याशी नेऊन टाकली. खाली काँक्रीट घातलं, दोरी धरली, आणि बारा दिवसांत एकट्याने अख्खं माजघर पुरं केलं. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत रेघ कुठे म्हणून हलली नाही. पट्ट्या उरल्या त्या मोजून पाच. त्या त्याने माळ्यावर ठेवल्या.

शेवंतीला घरी आणलं तेव्हा आनंदी वाळपईहून आली होती. गाडीतून उतरवून सरळ खाटेवर न्यायचं ठरलं होतं, पण उंबऱ्याशी शेवंतीने नको म्हणून मान हलवली. दोघांनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं आणि ती स्वतःच्या पायांनी आत आली. चार पावलं टाकून थांबली. अंगठ्याने दोन पट्ट्यांमधली फट चाचपत राहिली.

"थंड आसा," ती म्हणाली.

सगुणने विचारलं, बरी झालीय ना? ती म्हणाली, बरी झालीय, दृष्ट लागण्यासारखी. तेवढं ऐकून त्याला वाटलं आपण तीस वर्षांचं सगळं फेडलं. खाटेवर टेकल्यावर मात्र ती जमिनीकडे बघत हसली आणि म्हणाली, "आता माका ह्या घरात काम खंय उरला?" सगुणही हसला. मग पाणी आणतो म्हणून विहिरीवर गेला आणि कळशी तशीच रिकामी ठेवून तोंड दाबून रडला. आपण फार उशीर केला हे त्याला आधीच माहीत होतं. पण आपण दिलं त्यात काहीतरी काढूनही घेतलं, हे त्याला त्या घटकेला कळलं.

आठव्या दिवशी दुपारी शेवंती गेली. आनंदी तिच्या तोंडात पेजेचं पाणी घालत होती, ते ओठांवरून ओघळलं आणि परत गिळलं गेलं नाही.

शेजारपाजारचे लोक जमले. प्रभावतीवहिनी सत्तरीची, वाड्यावरच्या सगळ्या मरणांत तीच पुढे असायची. माणूस गेलं की त्याला खाटेवरून उतरवून सारवलेल्या जमिनीवर ठेवायचं, ही इथली रीत. तेव्हा ती बातमी कळताच गोठ्यातून बालदीत शेण घेऊनच आली. माजघरात पाऊल टाकलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बघितलं आणि बालदी हातात तशीच धरून उभी राहिली.

"सगुण, हिका ठेवची खंय रे? भुंय खंय आसा?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरोखरच तिला कळत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, हल्ली सगळ्यांच्याच घरी लाद्या असतात, वर थोडं शेण फिरवायचं, दर्भ टाकायचे, चालतं. प्रभावतीवहिनीने खाली बसून तसं करून बघितलं. त्या गुळगुळीत लादीवर शेण धरेना, हाताबरोबर घसरून एका बाजूला गोळा होत राहिलं. सगुण ते बघत होता. थंड आसा, हे दोन शब्द त्याच्या कानातून जात नव्हते.

तो उठला, कोपऱ्यातून छिन्नी आणि हातोडा घेतला आणि माजघराच्या मधोमध बसला. आनंदीने त्याचा हात धरला. पप्पा, आईने स्वतः पसंत केलेली लादी ती, असं ती रडत म्हणाली.

"तिना चलूक पसंत केल्ली, बाय," सगुण म्हणाला. "निजूक न्हय."

एरवी लादीचा कोपरा उडाला तरी दिवसभर हळहळणारा हा माणूस. त्याने त्या पट्ट्यांतली एकही वाचवली नाही. पट्ट्या फोडल्या, खालचं काँक्रीट फोडलं, माणूसभर लांबीचा आणि दोन हात रुंदीचा खड्डा मोकळा केला. मग घमेलं घेऊन परसात गेला आणि माडाच्या बुंध्याशी टाकलेली ती जुनी माती परत आणली. चार घमेली झाली. पाणी शिंपडून त्याने ती चोपून बसवली. प्रभावतीवहिनी सारवायला पुढे झाली, तेव्हा त्याने नुसता हात आडवा केला. जन्मात कधी शेणात हात न घातलेला पुरुष गुडघ्यांवर बसला आणि देवाकडे तोंड करून मागे मागे सरकत, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून सारवत आला. त्याचा काटा वाकडातिकडा उमटला. ओळंब्याच्या माणसाला ती रेघ साधली नाही. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या, आणि मग त्यांनी शेवंतीला त्या ओल्या भुंयवर आणून ठेवलं.

दिवस-कार्य झालं. आता सगुण तेवढा तुकडा भरून घेईल असं सगळ्यांना वाटलं. माळ्यावरच्या पाच पट्ट्यांनी काही भागणार नव्हतं, पण दुकानाच्या कोपऱ्यात तो माल अजून पडून होता, दुकानदाराने दोनदा निरोपही धाडला. सगुण गेला नाही. सुंदर काट्याच्या लादीत मधोमध तो मातीचा तुकडा तसाच राहिला.

वर्षाने, चवथीच्या आधी, मांद्र्याचं एक जोडपं त्याचं काम बघायला आलं. त्यांना अशीच लादी हवी होती. रांगा बघून बाई हरखली, नवऱ्याने वाकून जोड तपासले, त्यात पातंसुद्धा शिरणार नाही असं म्हणाला. मग त्याची नजर मधल्या तुकड्यावर गेली. हे असं का, त्याने विचारलं.

सगुणला सांगता आलं असतं. त्याच्या ओठांवर आलंही होतं.

"लादी कमी पडली," तो म्हणाला.

नवराबायकोने एकमेकांकडे बघितलं. स्वतःच्या घरात ज्याचा अंदाज चुकला त्याच्या हाती आपलं घर कसं द्यायचं, असं त्यांना वाटलं तर त्यांचा काही दोष नाही. विचार करून कळवतो म्हणून ते गेले आणि परत आले नाहीत.

सगुण फाटकापर्यंत त्यांना पोचवून आला. त्या दिवशी शुक्रवार होता. त्याने बालदीत शेण कालवलं आणि देवाकडे तोंड करून खाली बसला.