टेकडीच्या चावीचे चार फेरे

आमचे हे चावीवाले. कुलूप-किल्ल्यांचे नव्हेत, पाण्याच्या चावीचे. रस्त्यात लोखंडी झाकण असतं ना, ते उचलून आत लांब दांड्याची चावी घालायची आणि फिरवायची, की त्या भागातल्या नळांना पाणी. टेकडीवरच्या वस्तीला अठरा फेरे, खालच्या गल्लीला अकरा. सव्वीस वर्षं हेच काम. माणूस असा की यांच्यापेक्षा नळ जास्त बोलतो, पण मोजायला कधी चुकले नाहीत. निदान परवापर्यंत मी तसंच समजत होते.

यंदा माझी नणंद नगराध्यक्षपदाला उभी राहिली. यांची थोरली बहीण, जन्मभर शाळेत गणित शिकवलेली. बाई सुतासारखी सरळ. भाजीवाल्यानं चुकून जास्त तोललं तर परत देऊन येईल. मला लग्नापासून तिचा धाक, खोटं कशाला बोलू.

तिच्या पत्रकावर पाच कामं होती. बस होती, कचरा होता, दवाखाना होता, पण सगळ्यात वर काय, तर टेकडीवर रोज पाणी. ती टेकडीवरच राहते. प्रत्येक दारात सांगायची, "मागच्या उन्हाळ्यात मी खात्याला पत्र लिहिलं आणि तीन महिने आपल्याकडे भरपूर पाणी आलं. म्हणजे पाणी आहे, खातं देत नाही." लोक माना डोलवायचे. पटण्यासारखंच होतं.

पत्रकांचा गठ्ठा घडी घालायला आमच्याकडे आला. यांनी एक वाचलं आणि तसंच हातात धरून बसले. मी म्हटलं, "अहो, घडी घालायचीय, पाठ नाही करायचं." तेव्हा कुठे तोंड उघडलं.

"ते पाणी पत्रानं नव्हतं आलं."

मागच्या उन्हाळ्यात सासूबाई नणंदेकडे अंथरुणाला खिळलेल्या होत्या. पाठीला जखमा. दिवसातून दोनदा अंग पुसायचं, चादरी धुवायच्या, आणि नळाला करंगळीएवढी धार. टाकी एकच, त्यामुळे वर द्यायचं तर खालचं काढायचं. यांनी वरच्या चावीला चार फेरे जास्त दिले आणि खालच्या गल्लीचे चार कमी केले. कुणालाही न सांगता. सासूबाई गेल्या, त्या आठवड्यात हे पुन्हा अठरावर आले.

मी म्हटलं, "गप्प बसा. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता सांगून कुणाचं भलं होणार? तुमची नोकरी जाईल आणि ताईंची अब्रू." हे गप्प बसले खरे, पण दोन दिवस यांना घास उतरेना. सभेच्या आदल्या दुपारी नणंद गठ्ठा न्यायला आली, तेव्हा यांनी तिला स्वयंपाकघरात बसवून सगळं सांगितलं.

ती पत्रकाच्या घडीवरून नख फिरवत राहिली. मग गणित तपासावं तसं विचारलं, "खाली किती कमी केलेस?"

"चार."

"घरं किती?"

"चाळीसेक."

"चादरी मीच धूत होते रे त्या पाण्यात," ती म्हणाली.

मला वाटलं, आता ही पत्रकं फाडणार, अर्ज मागे घेणार, गावभर सांगणार. पण तिनं गठ्ठा काखेत मारला आणि म्हणाली, "उद्या सभा आहे. आता सांगून कुणाचं भलं होणार?"

माझेच शब्द. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि वाटली लाज. तिच्या तोंडून ऐकेपर्यंत ते इतके हलके आहेत हे कळलं नव्हतं.

सभा बस डेपोमागच्या मैदानात झाली. पहिल्या कामाला टाळ्या पडल्या. खालच्या गल्लीतली इस्त्रीवाली उठून उभी राहिली. "वर द्या, आमची ना नाही. पण आमचं कमी नाही ना होणार? मागच्या उन्हाळ्यात फार हाल झाले."

नणंदेनं आमच्याकडे पाहिलं नाही. "थेंबभरही होणार नाही," म्हणाली. पुन्हा टाळ्या. हे माझ्या शेजारून उठून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पाणी सोडून आल्यावर यांनी धुतलेला शर्ट घातला. "खाली जाऊन येतो." कशाला ते मला विचारावं लागलं नाही. अडवावं असं मनात आलंही. नोकरी गेली तर काय, हा विचार काही सुटत नव्हता. तरी चपला घातल्या आणि म्हटलं, "थांबा, मीपण येते."

इस्त्रीवाली टेबलाशी उभी होती. यांनी उभ्याउभ्याच सांगितलं, चार वाक्यांत. तिनं इस्त्री उभी करून ठेवली.

"कुठल्या महिन्यांत?"

यांनी महिने सांगितले. ती कपड्यांच्या बोचक्यावर बसली.

"त्या दिवसांत मी सुनेला उठता-बसता बोलले. एवढ्या बादल्या कुठं उपसतेस, माहेरी नदी होती का. ती म्हणायची, आई, नळच बारीक झालाय. मी म्हटलं, खोटारडी आहेस. सगळ्या गल्लीसमोर म्हटलं. दुसऱ्या दिवशी तान्हीला घेऊन माहेरी गेली. अजून आली नाही."

आमची म्हातारी आजारी होती, आमचाही नाइलाज होता, असं मला म्हणायचं होतं. हे खाली मान घालून उभे.

तिनं बटण बंद केलं, पदराला हात पुसले आणि दाराला कडी घातली. "चला."

"कुठं?" यांनी विचारलं.

"तिच्या दारात. मी खोटारडी म्हटलं होतं. ती खरं बोलत होती, हे तुम्ही तिला सांगा. माझं आता ती ऐकायची नाही."

बसथांब्यावर नणंदेचं पत्रक चिकटवलेलं होतं. मतदानाला पाच दिवस होते. "ताईला संध्याकाळी सांगावं लागेल," हे हळूच म्हणाले. मी म्हटलं, "सांगू. दोघं जाऊन सांगू."

बसमध्ये इस्त्रीवाली खिडकीशी बसली. मग आमच्याकडे न बघताच म्हणाली, "नात आता चालायला लागली असेल."