फिजिक्सच्या आदल्या संध्याकाळचे पोहे

दहावीत मी केंद्रात पहिली आले तेव्हा लासुर्ण्यात माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि न संपणारी भाषणं. तेव्हापासून सगळी आळी मला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणू लागली. तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते इतकं गोड लागलं की त्यांनी मला सायन्सला घातलं आणि बारामतीत आत्याकडे ठेवलं. तेव्हा सीईटी वगैरे काही नव्हती. बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीच्या मार्कांची बेरीज, म्हणजे ‘ग्रुप’, एवढ्यावरच मेडिकलची यादी लागायची. दहावीच्या शालीला तिथं कुणी विचारत नव्हतं.

अकरावी झकास गेली. बारावीची दिवाळी झाली आणि आत्याने एक स्थळ आणलं. माळेगावकडचं ऊसवालं घर, मुलगा एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला. त्यांना डॉक्टर होणारी सून हवी होती, दोघांच्या नावाची पाटी लावायला. तात्या हरखून गेले. मी म्हणाले, परीक्षा तरी होऊ द्या.

“अगं, नुसतं बघून जात्याल,” तात्या म्हणाले. “बघितल्यानं काय मार्क कमी हुत्यात व्हय?”

हे ज्याला कधी कुणी बघायला आलं नाही त्यानंच म्हणावं. आधी बायका आल्या. त्या यायच्या म्हणून आत्याने मला साडीत चालायला लावलं, आणि आल्यावर त्यांनी केस मोजल्यासारखे माझ्या डोक्यावरून हात फिरवले. मग मोठी माणसं आली. त्यांना माझ्या हातचं जेवायचं होतं, म्हणून दिवसभर चुलीपुढे. दर खेपेला माझी पुस्तकं पलंगाखाली जायची, बैठकीत पसारा दिसायला नको म्हणून. प्रिलिमला मी साफ घसरले. सरांनी तात्यांना बोलावून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, असंच चाललं तर ग्रुप पुरायचा नाही. तात्यांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “सरांना काय जातंय बोलाया, त्यांना कुठं पोरगी उजवायचीय.”

मग बोर्डाची परीक्षा आली. फिजिक्सच्या पेपराच्या आदल्या संध्याकाळी खुद्द मुलगा आला, मित्राला घेऊन. त्याला म्हणे तेव्हाच सुट्टी होती. मी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी, डोक्यात लेन्सची सूत्रं, आणि तो विचारतो, “अभ्यास कसा चाललाय?”

त्याच्या डोक्यावर तो ट्रे पालथा घालावा असं वाटलं. मी “चांगला” म्हणाले. ते दोघं गप्पा मारत बसले, चहा दोनदा झाला. ते उठले तेव्हा जेवणवेळ उलटून गेली होती. दुसऱ्या दिवशी पेपरात ओळखीची गणितं दिसली आणि मला एकही सुटेना.

निकाल लागला. मेडिकलची यादी माझ्या जरा वरच थांबली. मी आत्याच्या मोरीत तोंडात ओढणी कोंबून रडले. तात्या मात्र फारसे हलले नाहीत. “जाऊ दे, स्थळ तर हातात हाय,” म्हणाले.

त्याच आठवड्यात आत्याकडे तिकडचा निरोप आला. मुलगी देखणी आहे, वळण चांगलं आहे, पण आम्हाला डॉक्टरच पाहिजे होती.

मला वाटलं, आता तरी तात्या चिडतील. त्या लोकांवर, आत्यावर, स्वतःवर. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “तुला येवढं येकच काम हुतं. त्येबी जमलं न्हाय?”

पुढं मी इंदापुरातून बीएस्सी केलं. डॉक्टर का नाही झाले, असं आजही पैपाहुणे विचारतात. मी तोंड उघडायच्या आत तात्याच सांगून टाकतात, “बारावीत ध्यान उडालं तिचं.”