धोंड्याच्या महिन्यात अनारसे विकायला निघालो त्याची गोष्ट

जर्मनीतल्या एका छोट्या गावात दर शनिवारी चौकात बाजार भरतो. एका बाजूला मध विकणारी म्हातारी, दुसऱ्या बाजूला चीज विकणारा एक लांबलचक गोरा पोरगा, आणि दोघांच्या मधे निळ्या छत्रीखाली आमच्या परभणी जिल्ह्यातली एक मुलगी अनारसे विकते. एका अनारशाला तीन युरो. पुढ्यातल्या पाटीवर खडूनं लिहिलेलं असतं: घरी केलेलं. तेवढं वाचून तिथली माणसं रांग लावतात.

ती आणि मी नांदेडला एका वर्गात होतो. ती डिग्री घेऊन पुढं शिकायला गेली. मी तिसऱ्या वर्षी विभागप्रमुखांच्या टेबलावर जर्नल आपटून बाहेर पडलो. भांडण कशावरून झालं ते आता मलाही नीट आठवत नाही, आपटल्याचा आवाज मात्र आठवतो. तिचं नाव इथं लिहीत नाही. मित्रांना माहीत आहे, आत्याला माहीत आहे, आमच्या गल्लीतल्या चहावाल्यालाही माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांचं काही अडत नाही.

तर एका शनिवारी तिचा बाजारातला व्हिडिओ बघून माझं डोकं फिरलं आणि मी तिला लिहिलं, "यात काय एवढं? आमच्या आत्याचे अनारसे इथल्या कोणत्याही बाजारात बसल्या जागी उडतील." तिचं उत्तर आलं, "उडवून दाखव. पत्र्याचा एक डबा रिकामा कर. मग बोलू आपण."

मग बोलू आपण! या तीन शब्दांवरून मी पत्रिकेचा रंग आणि मांडववाल्याचं नाव इथपर्यंत पोचलो होतो.

शिवाय मुहूर्त माझ्या बाजूनं होता. यंदा धोंड्याचा महिना आला. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो. दर तीनेक वर्षांनी पंचांगात एक महिना जास्तीचा येतो. त्या महिन्यात जावयाला घरी बोलावतात, पाटावर बसवतात आणि तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे घालून त्याला देतात. जावयानं यासाठी काय केलेलं असतं? लग्न. बाकी काही नाही. माझा हिशेब सरळ होता. जिल्ह्यात जावई अगणित, दरेक जावयाला तेहतीस, आणि डबा माझा एकच.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आमच्याच घरात राहते आणि घर तीच चालवते. माझा बेत ऐकून तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"धोंड्यात अनारसे इकायला चाललास?"

"हो."

"जा. मी बी येते. लय दिवस झाले तमाशा बघून."

ती असं का म्हणाली, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

अनारसा हा उतावळ्या माणसाचा पदार्थ नव्हे. तांदूळ भिजवा, रोज पाणी बदला, सावलीत सुकवा, कुटा, गूळ घाला आणि मग मुरत ठेवून गप्प बसा. मला गप्प बसणं जमलं नाही. पहिलं पीठ मी लवकर काढलं आणि तुपात सोडल्याबरोबर अनारसा कढईभर पसरला. बायका याला अनारसा हसला म्हणतात. आत्याही हसली. दुसरं पीठ तिनं केलं आणि मला कढईच्या जवळपास फिरकू दिलं नाही.

चारठाणा

पहाटे परभणीहून मोटारसायकलवर निघालो. आत्या मागं, डबा तिच्या मांडीवर. उन्हाळ्यात जाणार असाल तर अंधारातच निघा, दिवस वर आला की रस्त्यावर तुम्ही आणि डांबर दोघंही वितळता. झरी, बोरी करत जिंतूरला थांबलो. स्टँडसमोर गरमागरम सुशीला खाल्ला, म्हणजे आपला फोडणीचा मुरमुरा. दोघांचं पोट चहासकट शंभराच्या नोटेत भरलं. तिथून पुढं चारठाणा.

बाजारात लाल मिरचीवाल्याच्या शेजारी जागा मिळाली. बाजाराची पावती फाडणाऱ्यानं विचारलं, "काय माल हाय?" मी म्हणालो, "अनारसे." त्यानं पावती अर्धी फाडून थांबवली आणि म्हणाला, "राहू द्या. आदी काही इकलं तर जाऊ द्या."

मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: घरी केलेले अनारसे. पहिल्या बाईनं पुठ्ठा वाचून विचारलं, "कुणाच्या घरी?"

"आमच्या घरी."

"तुमी कोणाचे?"

मी सांगितलं. तिनं आमच्या आजोळापर्यंत चौकशी केली, जिंतूरला तिचे कुणी नातेवाईक आमच्या ओळखीचे निघाले, एक अनारसा उचलून उजेडाकडं धरून जाळी बघितली, अर्धा स्वतः खाल्ला, अर्धा सोबतच्या पोरीला दिला आणि "चांगले झालेत हं, बाई" असं आत्याला सांगून निघाली.

"अहो, घेणार नाही का?"

"आमच्याकडं परवाच केलेत की. जावई येणाराय."

तासाभरात अशा कितीतरी आल्या. सगळ्यांनी चव घेतली, एकीनंही विकत घेतला नाही. शेवटी मी भडकलो. "आत्या, प्रत्येक घरात जावई आहे, मग घेत का नाहीत?"

आत्यानं तोंडाला पदर लावला. "अरे येड्या, जावयाचे अनारसे सासूनं करायचे असतात. इकत आणले तर जावयाची इज्जत ऱ्हायली का? धोंड्यात अनारसा कोण इकत घेतो?"

म्हणजे ज्या महिन्यात अख्ख्या जिल्ह्याला अनारसे लागतात, नेमका त्याच महिन्यात ते कुणी विकत घेत नाही, आणि मी नेमका तोच महिना निवडला होता. मी तिथंच पुठ्ठा फाडला. मिरचीवाला म्हणाला, "भाऊ, शांततेनं घ्या. मिरची हितं, आन जाळ तुमच्याकडं."

दुपारी वैतागून, आत्याला डब्यापाशी बसवून, जुनी देवळं बघायला गेलो. जरूर बघा. काळ्या दगडाचे खांब, आत पाय ठेवला की एकदम गार. इतक्या शतकांत ती देवळं जागची हलली नाहीत. माझ्या डब्यानं त्यांचाच आदर्श ठेवला होता.

परत आलो तेव्हा चमत्कार झाला. डोक्यावरून पदर ओढलेली एक बाई आमच्या मागच्या बाजूनं आली आणि हळूच म्हणाली, "बारा द्या. पेपरात बांधा. वरून ही मेथीची जुडी ठेवा." तिचे अनारसे तुपात हसले होते आणि जावई स्टँडवर उतरला होता. तिच्यानंतर आणखी दोघी आल्या, तशाच मागून, तशाच कुजबुजत. दारूच्या दुकानातही लोक याहून मोकळेपणानं बोलतात. डब्याचे वरचे थर असे चोरून गेले.

चुडावा

चुडाव्याला स्वतःचं रेल्वे स्टेशन आहे, म्हणून पॅसेंजरनं गेलो. परभणीहून पूर्णा आणि पुढं चुडावा. तिकीट इतकं स्वस्त की रेल्वेची कीव येते. खिडकीतून येणारा वारा मात्र थेट भट्टीतला. पाणी घरून न्या, रुमाल ओला करून डोक्याला बांधा, आणि सोबत आत्या असेल तर शेजारच्यांच्या लग्नाळू पोरांची माहिती फुकट मिळते.

इथं मी धोरण बदललं. पाटीवर लिहिलं: जर्मनीत विकले जाणारे अनारसे. धोतरातले एक काका समोर उभे राहिले.

"जर्मनीचे हायेत?"

"नाही काका, इथलेच. घरचे."

"घरचे हायेत, मग इकायलाव कामून? घरात कुणी खाईना का?"

लोक जमले. मी त्यांना समजावून सांगितलं की काका, तिकडं घरी केलेलं म्हटलं की किंमत वाढते. तीन युरो पडतात एका नगाला, म्हणजे आपले तीनशेच्या आसपास.

"तीनशे? एका अनारशाला?"

"हो."

"मग तिकडंच बसायचं की. हितं कशाला ऊन खायलाव?"

सगळा बाजार हसला. माझ्या कानशिलातून वाफ निघाली आणि मी ओरडलो, "तुम्हाला घरच्या वस्तूची किंमत नाही!"

काका शांतपणे म्हणाले, "किंमत न्हाईच बाबा. घरचं कुणी इकतं का?"

आत्यानं माझ्या शर्टाचं टोक धरून मला खाली बसवलं. चुडाव्यात सहा गेले. त्यातले दोन तिनं त्या काकांनाच दिले, पैसे न घेता. "बोललेत तर खरं," म्हणाली.

राणीसावरगाव

हा बाजार मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. कारण हे तिचं गाव. तिचे वडील इथल्या शाळेत मास्तर. माझा बेत असा, की डबा इथं, त्यांच्या देखत रिकामा करायचा. कॉलेज सोडलेला पोरगा स्वतःच्या पायावर उभा आहे, हे त्यांना दिसलं पाहिजे. नवा शर्ट घातला. आत्या म्हणाली, "अनारसे इकायला चाललास का सोयरीक जमवायला?" मी कॉलर नीट केली.

एसटीनं गेलो. आत्याला अर्धं तिकीट, मला पूर्ण, डब्याचं कंडक्टरनं माफ केलं. गंगाखेडला गोदावरीच्या पुलावर आत्यानं नदीत नाणं टाकून हात जोडले. मीही जोडले. काय मागितलं ते सांगायला नको. पुढं रस्ता चढाचा, दोन्ही बाजूंनी नांगरून तापत ठेवलेली काळी रानं.

बाजारात बसून चहा होतो न होतो तोच तिचे वडील दिसले. दिवाळीच्या फोटोत पाहिलं होतं, त्यावरून ओळखलं. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. मी ताडकन उभा राहिलो. ते मला ओळखत नव्हते. त्यांनी आधी पुढं जाऊन कांदे बघितले, मग लसूण बघितला, आणि सरळ आमच्या मागच्या बाजूला आले. चारठाण्याची बाई आली होती तसेच.

"घरचे हायेत का?"

"घरचेच, सर."

"तेहतीस लागतेत." त्यांनी इकडं तिकडं बघितलं. "जावयासाठी."

"कोणत्या जावयासाठी?"

माझा आवाज इतका चढला की लसूणवाली वळून बघायला लागली. आत्यानं मला चिमटा काढला.

"एकच हाय," गुरुजी म्हणाले. "लेक जर्मनीला असती. तिकडंच लग्न केलं दोघांनी, हिवाळ्यात. पोरगा तिकडलाच. चीज इकतो. म्हंजी आपल्या खव्यासारखं कायतरी."

चीज. तो लांबलचक पोरगा प्रत्येक व्हिडिओत होता. वारा आला की छत्री धरायचा, गिऱ्हाइकाला सुट्टे द्यायचा. मी बघायचो आणि मनात म्हणायचो, शेजार चांगला मिळालाय हिला.

गुरुजी बोलतच होते. "तिची आई नाव घ्यायला तयार न्हाई. अनारसे करणार न्हाई म्हणून बसलीय. पण पहिला धोंडा हाय हो. भाचा उद्या तिकडं निघायलाय. पोरीच्या हातात काहीच न्हाई पडलं तर तिला काय वाटंल?"

माझे दोन्ही हात डब्याच्या झाकणावर होते. खरं सांगतो, त्या क्षणी तो डबा गोदावरीत फेकायला मी पुलापर्यंत चालत गेलो असतो. आत्या हळूच म्हणाली, "झाकण सोड, लेकरा."

मी सोडलं. वरचे दोन अनारसे कडेला मोडलेले होते, ते काढून खिशात टाकले. जावयाला मोडका देत नाहीत. तेहतीस मोजले, तळाशी होते ते पाच-सहाही राहू दिले, वाटेत एखादा तुटला तर असावेत म्हणून. पिशवीत चुरा होईल म्हणून आत्यानं डबाच देऊन टाकला. गुरुजींनी पैसे दिले, डबा परत करायला आमचा पत्ता विचारला आणि डबा शबनम पिशवीत लपवून गर्दीत शिरले.

परतीच्या एसटीत मी खिशातले मोडके अनारसे खाल्ले. नव्या शर्टाला तुपाचा डाग पडला. तो अजून आहे.

घरी

मी तिला लिहिलं, "डबा रिकामा झाला." संध्याकाळी तिचा फोन आला. शब्दाची पक्की आहे.

"सगळे गेले? कुणी घेतले?"

"तुझ्या पपांनी. जावयासाठी."

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मला हेच बोलायचं होतं. कसं सांगावं कळत नव्हतं. चिडलास?"

"मी? छे."

"खोटं बोलायलाय!" आत्या स्वयंपाकघरातून ओरडली.

फोनवर ती हसली, मग रडली, मग म्हणाली, "आईनं नाहीच केले ना?"

तिच्या या प्रश्नाचं उत्तर आठवड्यानं आलं. गुरुजी स्वतः डबा घेऊन घरी आले. मला बघून म्हणाले, "अरे, तुमी त्या दिवशीचेच की!" त्यांना एवढंच माहीत होतं आणि मी एवढंच राहू दिलं. चहा पिता पिता त्यांनी सगळं सांगितलं. त्या दिवशी डबा घरी नेला, बाईंनी, म्हणजे तिच्या आईनं, उघडला, एक तुकडा तोंडात टाकला आणि घर डोक्यावर घेतलं. गूळ जास्त झालाय, खसखस जुनी हाय, आन माझ्या लेकीच्या नवऱ्याला बाजारचे देता? लोक काय म्हणतील? मग फळीवरची बरणी खाली काढली. बरणीत पीठ मुरून तयार होतं.

"तिनं तांदूळ कधी भिजवले, मला पत्ता न्हाई," गुरुजी म्हणाले. "पंधरा दिवस तोंडानं नको म्हणायली, आन बरणी फळीवर." भाच्यासोबत गेले ते बाईंच्या हातचे. आमचे सगळ्या गल्लीनं खाल्ले.

गूळ जास्त झालाय हे ऐकून आत्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

या प्रवासात काय मिळालं, असं विचाराल तर जिंतूरचा सुशीला खा, चारठाण्याची देवळं बघा, आणि धोंड्याच्या महिन्यात अनारसे विकायला कुठंही जाऊ नका. खर्च निघाला. बाकी काय गेलं ते तुम्ही वाचलंतच.

गुरुजी गेल्यावर मी डबा उचलला तर जड लागला. आपल्याकडं कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. झाकण काढलं. आत काठोकाठ अनारसे, बाईंच्या हातचे, जर्मनीला गेले त्याच घाण्यातले. मी एक उचलून उजेडाकडं धरला. जाळी इतकी सुरेख की बोलायची सोय नाही. सासूच्या हातचा अनारसा मी पहिल्यांदा खाल्ला. सासू दुसऱ्याची होती, एवढंच.

आत्यानं एक चाखला, मान हलवली, गुळाबद्दल काही बोलली नाही. मग माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, "भरलाच हाय डबा, तर उद्या पुन्हा बाजारात बसायचं का?"

मी तिच्यावर इतक्या जोरात ओरडलो की शेजारचे दारात आले.

"हे घरचे आहेत, आत्या. घरचं कुणी विकतं का?"