पिशवीतल्या दोन ट्यूब

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — तिला सांगितलं की ते वारज्यातून बिबवेवाडीला पोचायला वेळ लागत नाही, आणि बिबवेवाडीत किसनशेठ राहतात. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही सायकल चालवत नसाल अशी माझी समजूत आहे. चालवत असाल, तर माझ्याबद्दल आधीच चांगलं मत करून बसला असाल. असू दे.

आधी आमच्या लोकांबद्दल सांगतो. लांब पल्ल्याची सायकल चालवणारे. दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे किलोमीटर — ठरलेल्या वेळेत, वाटेतल्या तपासणीच्या ठाण्यांवर कार्डावर शिक्के घेत. मागे गाडी नाही, दिमतीला माणूस नाही. आपलं सामान आपण वाहायचं, आपलं पंक्चर आपण काढायचं. वर्षात चारही अंतरं झाली की पदक. ऐकायला किती साधं, नाही का? प्रत्यक्षात बघा एकदा. लाखाची सायकल, परदेशी मोजे, आणि सिंहगडाचा पायथा आला की आधी फोटो. पोहे खाताना एकमेकांना हृदयाचे ठोके सांगतात. कुणी विचारलेले नसतात.

मी यांच्यातला नाही, असं मी मानत आलो. मी नियमवाला. जुनी लोखंडी सायकल, कॅनव्हासची पिशवी, आणि कुणी जरा सवलत घेतली की माझ्या एका वाक्यात तो गार. लोक मला टरकून असायचे. मला ते आवडायचं — आता लपवून काय करू?

किसनशेठ आमच्यात आले ते डॉक्टरांनी साखर वाढलीय म्हणून दम दिल्यावर. मार्केट यार्डात लसणाचा व्यापार. गाव मूळचं शहराबाहेरचं, आता पालिकेत गेलेलं. सुटलेलं पोट, आणि हँडलला चक्क स्टीलचा डबा बांधलेला. आम्ही सगळे चकचकीत पाकिटातलं काहीबाही चोखत असताना हा माणूस डब्यातून शेंगदाण्याचे लाडू काढायचा. आणि आधी दुसऱ्यापुढे धरायचा. "घ्या सर, घरचं हाय." मी घ्यायचो. चांगले असायचे लाडू. खाता खाता मनात म्हणायचो, हा दोनशेतच गळणार.

दोनशेत गळले नाहीत. तीनशेतही नाहीत. चारशे तर वेळ संपता संपता, धापा टाकत — पण झालं. तेव्हापासून मला त्यांचा राग यायला लागला. कसला राग? माझं काय घेतलं होतं त्यांनी? उलट लाडू मी खाल्ले होते.

मग सहाशेची राइड आली. कोल्हापूरच्या पुढे जाऊन परत पुणे. परतीला माझा गुडघा धरला, त्यामुळे मी पार शेवटी पडलो. माझ्या मागे कुणी नव्हतं, आणि माझ्या लगेच पुढे होते किसनशेठ; बाकी सगळे कधीच निघून गेले होते. दुपारी भुईंज सोडून सुरूरकडे येताना ते रस्त्याच्या कडेला बसलेले दिसले. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा त्या रस्त्यावर पडलेल्या असतात. शेठच्या दोन्ही जादा ट्यूब त्यात गेल्या होत्या, आणि पॅच लावायचं सोल्यूशन नळीतच वाळून गेलं होतं. बाकी सगळं ठीक होतं. पाय ठीक, वेळ हातात. एक ट्यूब मिळाली असती तर ते अंधार पडायच्या सुमाराला पुण्यात असते.

माझ्या पिशवीत दोन ट्यूब होत्या.

"सर, एखादी ट्यूब हाय का जादा?"

काय सांगू — इथे आलो की मला दरवेळी वाटतं, आपण दुसरंच काहीतरी बोललो असू. नाही. मी नीट, सावकाश, शिकवल्यासारखं बोललो. म्हणालो, "आहे. पण देता येणार नाही, शेठ. नियमात बसत नाही. वाटेत कुणाचीही मदत घेतली की बाद. दुकानदाराचीसुद्धा."

असा नियम नाही. कधीच नव्हता. बंदी आहे ती मागून गाडी घेऊन येणाऱ्या घरच्या माणसांना. वाटेतल्या दुकानात खुशाल जा, सोबतच्या माणसाकडून काय हवं ते घ्या — अडलेल्याला ट्यूब देऊन पुढे जाणं ही तर आमच्याकडची जुनी रीत. मला हे ठाऊक नव्हतं? मीच लोकांना सांगायचो.

मग का? लसूणवाल्याला पदक मिळालं, तर माझ्या पदकाची काय किंमत राहिली — एवढंच. याहून मोठं कारण मी बरेच दिवस शोधलं. सापडलं नाही.

किसनशेठ म्हणाले, "बरं झालं सांगितलं सर, न्हाईतर फुकट बाद झालो असतो." आणि सायकल ढकलत चालू लागले. मी त्यांना मागे टाकून निघून आलो, वेळेत पोचलो, पदक घेतलं. ते घाटातल्या बोगद्यातून चालत शिरवळच्या ठाण्यावर आले तेव्हा ठाणं बंद झालं होतं.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे नेहमीच्या अमृततुल्यावर जमलो. शेठ कौतुकाने सांगत होते — वाटेत पंक्चरवाला कसा हाका मारत होता, दोन मिनिटांत काढून देतो म्हणत होता, आणि आपण कसे थांबलो नाही. नियम म्हणजे नियम. आमच्या आयोजकाने कप खाली ठेवला. "अहो शेठ, दुकानातून पंक्चर काढून घ्यायला कोण नको म्हणतंय? हे सांगितलं कुणी तुम्हाला?"

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं. तेव्हा तोंड उघडता आलं असतं — एक शब्द पुरला असता. मी चहाचा घोट घेतला. शेठ बघतच होते, आणि त्यांना कळलं. कळलेलं मला दिसलं.

"कुणी न्हाई," ते म्हणाले. "माझंच डोस्कं."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने कोण हसलं असेल? वर मी म्हणालो, "शेठ, लसणाचे भाव बरे तोंडपाठ असतात तुम्हाला." मग आणखी हसले. शेठही हसले. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही, आणि त्यानंतर ते आले नाहीत.

हल्ली राइडच्या आधी नियम सांगायचं काम माझ्याकडे आहे. नवी पोरं कंटाळतात, म्हणून मध्ये एक किस्सा सांगतो. एक लसूणवाले शेठ होते, पंक्चरचं दुकान समोर असताना उन्हात सायकल ढकलत गेले. नाव घेत नाही. सभ्य माणूस आहे मी. पोरं हसतात. त्यांचं हसून होईपर्यंत मी थांबतो, आणि पुढचा नियम सांगतो.