समुद्राच्या पाण्यातलं वरण

आमच्या आईच्या लेखी कुठल्याही गावाची परीक्षा एकच: तिथल्या पाण्यात तुरीची डाळ शिजते का? धाकट्या मावशीला आलेलं एक चांगलं स्थळ तिने याच मुद्द्यावर मोडायला लावलं होतं. मुलगा शिकलेला, घरी बागायत, माणसं हसतमुख. पण जेवताना वरणातली डाळ दाताखाली आली आणि विषय संपला. त्यामुळे मी कोकण किनाऱ्यावरच्या नोकरीचं घरी सांगितलं, तेव्हा पगार किती, राहायची सोय काय, हे तिने विचारलंच नाही. "समुद्राचं पाणी खारं. तिथं लेकरू कामून ठेवायचं?" एवढंच म्हणाली.

काही महिने मी तिथे तात्पुरती होते. मग कायम करायचं पत्र आलं आणि मी सुट्टी घेऊन घरी, जाफराबादकडे निघाले. आईच्या मनाविरुद्ध गेले असते तरी मला कोणी बांधून ठेवणार नव्हतं. पण तिने हो म्हटल्याशिवाय तिथे मला घास गोड लागला नसता, हेही तितकंच खरं. म्हणून पुरावा बरोबर घेतला: मी काम करते त्या यंत्राने समुद्रातून काढलेल्या गोड्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन. काळीपिवळी जीपमध्ये तो मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तेल हाय का?" मी म्हटलं, "समुद्राचं पाणी." पुढे घर येईपर्यंत त्या माझ्याशी फार जपून बोलल्या.

बाबांना यंत्राचं भारी कौतुक. अंगणात बसवून त्यांनी सगळं विचारून घेतलं. मी सांगितलं, की पाण्यावर एक मोठा तरंगता डबा सोडलाय. लाट आली की तो वर जातो, लाट ओसरली की खाली येतो, आणि त्या वरखाली होण्यावर पंप चालतो. पंप खारं पाणी जोराने एका बारीक पडद्यातून दाबतो. मीठ अलीकडे राहतं, गोडं पाणी पलीकडे येतं, आणि उरलेल्या जोरावर चाक फिरून वीज होते.

"म्हणजे हापसाच की," बाबा म्हणाले. "हापसायला तेवढा समुद्र बसवला."

इतकी वर्षं शिकून मला जे एका वाक्यात सांगता आलं नव्हतं, ते त्यांनी सांगून टाकलं.

"लाटा रात्रीबी असत्यात का?"

"चोवीस तास."

"मंग समुद्राला थ्री फेज बराबर मिळून राह्यली. आपल्यालाच न्हाई."

आई आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली, कॅन उचलून आत घेऊन गेली आणि पेल्यात पाणी ओतून एक घोट घेतला. "चव न्हाई याला," म्हणाली. माझं तोंड उतरलं. मी क्षारांचं काहीबाही समजावू लागले, तर तिने मला ओट्यापासून बाजूला सरकवलं.

गॅसवर तिने दोन पातेली ठेवली. एकात आमच्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात माझं. डाळ एकाच डब्यातली, मापाने सारखी. मी सुचवलं, कुकर लावू, लवकर होईल. "कुकरात दगडबी शिजंल," ती म्हणाली. मग आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहिलो. दहावीच्या निकालालाही मी इतकी घाबरले नव्हते. यंत्र आमचं चांगलंच आहे, मोठमोठी माणसं येऊन बघून गेलीत, पण त्यांच्यापैकी एकालाही आईसारखं गप्प बसता येत नव्हतं.

बोअरच्या जड पाण्यात डाळीचे दाणे सुटे सुटे फिरत राहिले. माझ्या पातेल्यात ते हळूहळू फुटले. आईने चमच्यावर एक दाणा घेतला, फुंकर घातली, दोन बोटांत दाबला. त्याचं पीठ झालं. तिने आणखी एक दाबला. मग हळद-हिंग घालून वरण केलं आणि वाढलं. बाबांनी दोनदा भात घेतला. आईने होही म्हटलं नाही आणि नाहीही. मी रात्री कूस बदलत पडून राहिले.

सकाळी जीपवाला दारात हॉर्न वाजवत होता, तेव्हा आईने कॅन आणून माझ्या हातात दिला. मला वाटलं रिकामा असेल, पण तो चांगलाच जड होता. आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. तिने कागदाचं नरसाळं करून तो आमच्या शेतातल्या तूरडाळीने गळ्यापर्यंत भरला होता.

"तिथल्या पाण्यात बराबर शिजती," ती म्हणाली. "सरली की कळव. मंग दुसरी धाडते."